कोल्हापुरातून मे महिन्यात तळकोकणात जायचंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझी सासुरवाडी आचऱ्याजवळ. त्यामुळे एप्रिल लागला की तालमीतल्या पोरांपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांचे फोन सुरू होतात: "दोन दिवस कोकणात जाऊन यावं म्हणतोय, कसं करू?" दरवर्षी तेच प्रश्न, तीच उत्तरं. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. हे सगळं मुख्यतः सिंधुदुर्ग जिल्ह्याबद्दल आहे, म्हणजे देवगड, मालवण, वेंगुर्ला. रत्नागिरीबद्दल मधूनमधून.

दोन दिवसांत होईल का?

जाऊन याल, बघून होणार नाही. कोल्हापूर ते मालवण साधारण दीडशे-एकशेसाठ किलोमीटर. अंतर कमी वाटतं, पण मध्ये घाट आहे आणि घाटाखाली वळणावळणाचे रस्ते. चार-साडेचार तास धरा. शनिवारी पहाटे निघून रविवारी रात्री परत, आणि त्यात विजयदुर्ग, कुणकेश्वर, मालवण, तारकर्ली, वेंगुर्ला असं सगळं कोंबणारे लोक मी बघितलेत. त्यांना विचारलं काय बघितलं, तर ते रस्त्यातले खड्डे सांगतात. किमान तीन रात्री काढा आणि त्याही एकाच गावात. जवळची ठिकाणं तिथूनच जाऊन-येऊन करा. रोज बॅगा भरून नव्या हॉटेलात जाण्यात निम्मी सुट्टी जाते.

एप्रिल बरा की मे?

मुलांची शाळा नसेल तर एप्रिल. आंबा तयार असतो, काजूचे बोंडू झाडावर असतात, खोल्या मिळतात आणि समुद्रही शहाण्यासारखा वागतो. मे महिन्यात गर्दी होते. त्यातही १ मेची सुट्टी शनिवार-रविवारला जोडून आली, तर त्या तीन दिवसांत तारकर्लीच्या रस्त्यावर आपल्या बिंदू चौकासारखी गर्दी दिसेल.

मे महिन्याचा दुसरा पंधरवडा मात्र विचार करून ठरवा. पाऊस तळकोकणात साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, हे आपण धरून चालतो. २०२५ साली मोसमी पाऊस २५ मेलाच सिंधुदुर्गात पोहोचला आणि लोकांची सुट्टी खिडकीतून माड बघण्यात गेली. २०२१ साली १६ मेला तौक्ते वादळ याच किनाऱ्यालगत गेलं. घरांची छपरं उडाली, माड मोडून पडले, कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. म्हणून मेच्या उत्तरार्धात निघताना हवामान खात्याचा अंदाज बघा आणि खोलीचे पैसे परत मिळतील का, ते आधी विचारून घ्या.

कुठल्या घाटानं उतरायचं?

हा प्रश्न विचारल्यावर प्रत्येक कोल्हापूरकर आपापला घाट सांगतो आणि दुसऱ्याच्या घाटाला नावं ठेवतो. खरं तर कुठं जायचंय, त्यावर घाट ठरतो.

देवगड, विजयदुर्ग, कणकवलीला जायचं असेल तर गगनबावडा. कोल्हापूरपासून पंचावन्न किलोमीटर. बावड्यातून दोन घाट फुटतात, करूळ आणि भुईबावडा. दोन्ही वैभववाडीच्या बाजूला उतरतात. करूळ मोठा आणि सरळ वाटेवरचा, पण काँक्रिटीकरणासाठी तो जानेवारी २०२४ पासून वर्षाहून जास्त काळ बंद होता. त्या काळात सगळी वाहतूक अरुंद भुईबावड्यातून गेली. दरड कोसळली की करूळ अजूनही बंद होऊ शकतो. तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी चौकशी करा, नाहीतर बावड्यात पोहोचून तोंड फिरवावं लागेल.

मालवण-कणकवलीसाठी माझा आवडता रस्ता राधानगरी-दाजीपूर-फोंडा घाट. जंगल दाट आणि मे महिन्यातही सावली असते. संध्याकाळनंतर रस्त्यावर गवे येतात. गवा दिसला की हॉर्न वाजवू नका, खाली उतरून फोटो काढू नका. दिवे खाली घ्या आणि थांबा. त्याचं काम झालं की तो जातो.

सावंतवाडी, वेंगुर्ला, शिरोडा, रेडीसाठी निपाणी-उत्तूर-आजऱ्यावरून आंबोली. रत्नागिरी, गणपतीपुळ्यासाठी आंबा घाट. त्या रस्त्यावर चौपदरीकरणाची कामं चालू आहेत, तेव्हा वेळ हाताशी ठेवून निघा. राजापूरला जाणाऱ्यांना अणुस्कुराही आहे, पण नवख्या ड्रायव्हरनं तो नादच करू नये.

सगळ्याच घाटांना लागू पडणारी एक गोष्ट. उतरताना गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर ठेवा. आपल्याकडची सपाट रस्त्यांची सवय असलेली माणसं सगळा घाट ब्रेकवर उतरतात आणि खाली पोहोचेपर्यंत ब्रेकचा करपलेला वास येतो. मे महिन्यात दुपारी चारनंतर वळीव येतो, घाटात फांद्या पडतात, धुकं उतरतं. सकाळी सहाला कोल्हापूर सोडा. बावड्यात किंवा राधानगरीत मिसळ खा. दहा-साडेदहापर्यंत समुद्र दिसतो.

स्वतःची गाडी नाही. एसटीनं जमेल?

जमेल, आणि मी तर म्हणेन आरामात जमेल. मध्यवर्ती बसस्थानकावरून मालवण, देवगड, सावंतवाडी, रत्नागिरीच्या गाड्या आहेत. महिलांना अर्धं तिकीट, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना मोफत. सुट्टीत आरक्षण करून ठेवा. मुलांना घाट लागतो. निघायच्या आधी पोटभर दूध पाजू नका, पुढच्या बाकावर बसवा, खिशात आवळा सुपारी ठेवा. तिथं पोहोचल्यावर गावातल्या गावात रिक्षा आणि भाड्याची दुचाकी मिळते.

रेल्वे?

कोल्हापूरहून थेट नाही. कोल्हापूर-वैभववाडी मार्गाच्या चर्चेवर आमच्या दोन पिढ्या गेल्या. तोवर एसटी.

राहायचं हॉटेलात की कुणाच्या घरी?

घरी. न्याहारी-निवास योजनेतली किंवा गावातल्या लोकांनी दोन-तीन खोल्या बांधून चालवलेली घरं आचरा, तोंडवळी, देवबाग, भोगवे, निवती, कोचरा, कुणकेश्वर, मिठबाव सगळीकडे आहेत. जेवण घरचं मिळतं आणि भरती-ओहोटीपासून आंब्याच्या भावापर्यंत विचारायला माणूस मिळतो. खोली ठरवताना फोटोतला समुद्र बघून भुलू नका. चार गोष्टी विचारा. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का? मे महिन्यात विहिरीला पाणी असतं का? संडास-बाथरूम खोलीला जोडून आहे का? आणि गाडी कुठं लावायची?

शेवटचा प्रश्न फालतू वाटेल. पण सावली बघून माडाखाली गाडी लावणारे आपले लोक असतातच. माडावरून नारळ पडायला मुहूर्त लागत नाही, आणि तो पडला की बॉनेटवर वाडग्याएवढा खड्डा. सावलीच हवी तर आंब्या-फणसाखालीही नको. मांगराच्या, म्हणजे घराजवळच्या खोपटाच्या आडोशाला लावा.

जेवणाची वेळ आधी सांगून ठेवा. रात्री दहाला परत येऊन "सुरमई थाळी आहे काय?" असं विचारलं तर उत्तर नाही असंच येणार. मासा दुपारपर्यंत ठरतो.

ऊन फार असतं का?

कोल्हापूरपेक्षा पारा कमीच असतो, चौतीस-पस्तीसच्या आसपास. त्रास असतो तो घामाचा. हवेत एवढी ओल असते की अंगावरचा घाम वाळतच नाही. सकाळी साडेअकरा ते दुपारी चार समुद्रावर जायचं नाही, हा आमच्या सासरचा नियम. पहिल्या वर्षी मी टोपी घालून दुपारी एकला निघालो, तर सासूबाई खळ्यात आमसुलं वाळत घालत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "ह्या उनात खंय चल्लात?" मी परत पडवीत येऊन आडवा झालो. गावच झोपलेलं असतं हो, आपणच तेवढे तापलेल्या वाळूवर नाचत असतो.

झोप येतच नसेल तर दुपार सावलीतल्या ठिकाणांना द्या. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा आहे. ती जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी घराशेजारी उभं केलेलं छोटं संग्रहालय मुलांना दाखवाच. सावंतवाडीला चितार आळीतली लाकडी खेळणी आणि राजवाड्यातले हातानं रंगवलेले गंजिफाचे पत्ते बघता येतात.

आम्ही पंचगंगेत पोहतो. समुद्रात काय अडचण आहे?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते. नदीच्या पाण्याला एकच दिशा असते. समुद्रात लाट तुम्हाला आत आणते आणि पायाखालून परत जाणारं पाणी बाहेर ओढतं. कुठं लाटा फुटताना दिसत नाहीत, पाणी शांत आणि गढूळ दिसतं, तिथं नवख्याला वाटतं जागा बरी आहे. बऱ्याचदा तीच ओढीची जागा असते. सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका. किनाऱ्याला समांतर आडवं पोहत ओढीतून बाहेर पडा, मग आत या. खाडीच्या मुखाशी तर उतरूच नका. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथं ओहोटी लागली की पाणी कसं पळतं, ते नुसतं उभं राहून बघा.

भरतीची वेळ काढायला मोबाईल लागत नाही. कोळ्यांचा हिशोब असा की तिथीची पाऊणपट करायची. आज एकादशी असेल तर अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी आणि रात्री सव्वाआठच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. थोडं इकडंतिकडं होतं, पण कालनिर्णय भिंतीवर असला की काम भागतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, भरती मोठी आणि ओहोटीही लांब. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी कमी हलतं. लहान मुलांना खेळवायला भांगाचे दिवस बरे.

दारू पिऊन पाण्यात जाणाऱ्यांसाठी माझ्याकडे सल्ला नाही.

सिंधुदुर्ग किल्ला कधीपर्यंत बघता येतो?

होड्या २५ मेपर्यंत चालतात. नंतर प्रवासी होड्या आणि जलक्रीडा ३१ ऑगस्टपर्यंत बंद. समुद्र खवळला तर त्याआधीही थांबवतात. मेच्या शेवटच्या आठवड्यात केवळ किल्ल्यासाठी येणार असाल तर येऊ नका.

सकाळी पहिल्या-दुसऱ्या होडीनं जा, कारण आत सावली कमी आणि कातळ तापतो. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ला शिवाजी महाराजांनी बांधकामाचा मुहूर्त केला, आणि तीन वर्षांनी किल्ला उभा राहिला. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे, आणि त्यातली महाराजांची मूर्ती दाढी नसलेली. बरेच लोक ते लक्षात न येताच हात जोडून बाहेर पडतात. कोल्हापूरकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा किल्ला पुढं करवीरच्या छत्रपतींकडे होता. १७६५ साली इंग्रजांनी घेतला, पुढं परत दिला आणि १८१२च्या तहात मालवण कायमचं त्यांच्याकडं गेलं. म्हणजे एकेकाळी हे आपल्याच दरबारचं बंदर. गाईडला हे सांगितलंत तर तो दोन गोष्टी जास्त सांगतो, असा माझा अनुभव.

स्कुबा करावं का?

करा, छान असतं. पण मे महिन्यात पाणी गढुळायला लागतं, खाली दिसण्याची मजा एप्रिलपर्यंतच. बोटीत चढताना लाइफ जॅकेट मागा. सगळ्यांना पुरत नसतील तर उतरा, पैसे गेले तरी चालतील. २४ मे २०२२ला तारकर्लीला परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. समुद्र खवळलेला असताना "काही होत नाही" म्हणणाऱ्याच्या बोटीत बसायचं नाही.

जेवण आपल्याएवढं तिखट असतं का?

नाही. आणि तांबडा-पांढरा मागू नका. कुठंकुठं मिळतो, पण तो खायला घाट उतरायची गरज नव्हती. मालवणी आमटीत खोबऱ्याचा गोडवा असतो, आमसुलाचा आंबटपणा असतो, आणि बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ. ते चावायचं नसतं, चावलंत तर जीभ बधिर होईल. कोंबडी-वडे सगळे खातात, पण मे महिन्यात मी तिसऱ्या (शिंपले), कुर्ल्या (खेकडे) आणि साधा तळलेला बांगडा सोडत नाही. सुरमई-पापलेटच्या मागं लागून पाकीट रिकामं करण्यापेक्षा "आज ताजं काय आलंय?" एवढं विचारा. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे जूनमध्ये ताटात येणाऱ्या मोठ्या माशाकडे जरा संशयानं बघा.

आमच्यात दोघं माळकरी आहेत. त्यांचं काय?

त्यांची चंगळ. घावणे-चटणी, आंबोळी, काळ्या वाटाण्याची उसळ, कोवळ्या फणसाची भाजी, ओल्या काजूची उसळ, नारळाच्या गोड रसातले शिरवाळे. ओला काजू मेपर्यंत संपत येतो, एप्रिलमध्ये गेलात तरच खात्रीनं मिळेल. खोली ठरवतानाच सांगा म्हणजे भांडी वेगळी ठेवतात. आमच्या वडिलांनी आठ दिवस असंच खाल्लं आणि परत आल्यावर महिनाभर सोलकढीसाठी घरात सगळ्यांना छळलं.

आंबा तिथूनच आणावा का? खरा देवगड कसा ओळखायचा?

तिथूनच आणायचा असेल तर दुकानातून नको, बागेतून आणा. घाटावरच्या बाजारात देवगडच्या पेटीत दुसऱ्याच मुलखातला आंबा भरून विकतात, हे काही गुपित नाही. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी रस्त्यावरच्या ढिगाला मानांकन विचारतो कोण?

सकाळी बागेत जाऊन तोडणी बघा. लांब काठीला जाळी आणि पातं असलेल्या झेल्यानं आंबा देठासकट उतरवतात. देठ मोडला की चीक फळावर ओघळतो आणि तिथं काळा डाग पडून आंबा सडायला लागतो. म्हणून चांगला बागायतदार पेटी भरतानाही देठ बोटभर ठेवतो. "चौदा आणे" तयार झालेला आंबा म्हणजे खांदे देठाच्या वर आलेले, रंग अजून हिरवाच. पिवळाधमक, एकसारखा रंगलेला आंबा एप्रिलच्या सुरुवातीलाच स्वस्तात मिळाला तर घेऊ नका. नाकाजवळ धरा. नीट आढीत पिकलेल्या हापूसचा वास खोलीभर येतो, औषधावर पिकवलेल्याचा नुसता रंग येतो.

मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात भाव उतरतो, पण साका निघायची शक्यता वाढते. साका म्हणजे बाहेरून उत्तम दिसणाऱ्या आंब्यात आत पांढरट, स्पंजासारखा भाग. तापलेल्या जमिनीची उष्णता फळाला लागली की होतो. झाडावरून काढल्यावर आंबे उन्हात उघड्या जमिनीवर टाकणाऱ्याकडून घेऊ नका. कापल्याशिवाय साका कळत नाही, म्हणून बागायतदाराची ओळख महत्त्वाची.

आणताना पेट्या बंद डिकीत दिवसभर उन्हात ठेवायच्या नाहीत. सकाळी निघा, घरी पोहोचल्यावर लगेच पेटी उघडा आणि कॉटखाली गवतात आढी घाला, देठ खाली करून. रोज एकदा हात फिरवा, पिकलेला बाजूला काढा. मुलांना हे काम द्या. अर्थात मोजून द्या.

गाडी वाळूवर नेता येते का?

नेता येते. परत आणता येत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या मेमध्ये मी पुळणीवर गाडी घातली, पाय भिजवून परत आलो तर मागची चाकं निम्मी आत, आणि भरती लागलेली. शेवटी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून दमलेल्या दहा-बारा जणांनी रापणीचाच दोर बांधून गाडी बाहेर काढली. पैसे घेतले नाहीत. अजून आचरा तिठ्यावर मला बघून त्यातला एक जण विचारतो, "आज गाडी खंय लायलास?"

रापण बघायला मिळाली तर थांबा. किनाऱ्यावरून दोन रांगा करून जाळं ओढतात. हात लावलात तर कुणी नको म्हणत नाही, आणि कधी मूठभर मासेही मिळतात.

कासवाची पिल्लं दिसतील का?

मार्च-एप्रिलमध्ये दिसू शकतात. ऑलिव्ह रिडले कासवं थंडीत अंडी घालतात, पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास प्रसिद्ध आहे, पण आपल्याला तांबळडेग आणि वायंगणी जवळ. मेमध्ये भरवसा नाही.

सोबत काय न्यायचं?

सुती कपडे नेहमीपेक्षा दुप्पट, कारण धुतलेले दमट हवेत लवकर वाळत नाहीत. टॉर्च, डासांची अगरबत्ती, ओआरएसची पाकिटं, रोजची औषधं आणि थोडी रोख रक्कम. गावात रेंज गेली की मोबाईलवरून पैसे देणं थांबतं आणि आपण शहाळ्याच्या गाडीसमोर ओशाळवाणे उभे राहतो.

परत येताना मासे आणता येतील?

येतील. मालवण बंदरावर संध्याकाळी लिलाव असतो, तिथून घ्या. थर्माकोलच्या खोक्यात खाली-वर बर्फ, आणि खोकं चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद. मी एकदा पट्टी लावायचा कंटाळा केला. फोंडा घाटातल्या पाचव्या वळणावर खोकं कलंडलं. गाडी चार वेळा धुतली, तरी गणपती आणायला जाताना आरतीच्या ताटाबरोबर कर्ली माशाचा वास होताच. त्यापेक्षा सुके बांगडे, आमसुलं, आगळाच्या (कोकमाच्या रसाच्या) बाटल्या आणि मालवणी खाजं बरं.

मेच्या अखेरीला येत असाल तर घाट उजेडात चढा आणि शेवटची रात्र राधानगरी-दाजीपूर भागात काढा. वळवाचे दोन सडाके होऊन गेलेले असले तर झाडंच्या झाडं काजव्यांनी भरतात. गाडीचे दिवे बंद करा, मोबाईल खिशात ठेवा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दहा मिनिटं लागतात, तोवर पोरांना गप्प बसवणं तेवढं तुमच्याकडे.